काकांचं यकृत

बरेच दिवस हे लिहायचं राहून जात होतं. घरातलेही काहीजण हा ब्लॉग वाचतात, म्हणून जरा बिचकत होतो. पण परवा काकूच फोनवर "लिही रे" म्हणाली, म्हणून लिहितोय.

काका अपघातात गेले. मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं आणि काकूने, आम्हा कुणाच्या ध्यानीमनी नसताना, अवयवदानाला होकार दिला. दोन्ही मूत्रपिंडं घेतली, डोळे घेतले. यकृत मात्र नाकारलं. "चरबी फार आहे, धोका नको," एवढंच उत्तर. तळलेल्या पदार्थांवरून आम्ही काकांना जन्मभर चिडवलं होतं! काकू नंतर एकदाच म्हणाली, "तेवढं एक वाया गेलं रे."

ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचत बसलो.

डॉक्टरांना दोष द्यायचा नाहीये. काढलेलं यकृत बर्फात, साधारण ४ अंशांवर ठेवतात. थंडीत ते जवळजवळ झोपलेलं असतं, काम करत नाही. मग चांगलं की वाईट ठरवायचं कसं? रंग बघून, हाताने दाबून, दात्याचं वय बघून, फार तर तुकडा तपासून. आपण नारळ वाजवून घेतो ना, तसंच काहीसं. इथे चुकलं तर घेणाऱ्याचा जीव जातो, म्हणून शंका आली की नकार.

आता असं यंत्र आहे की जे यकृतातून ३७ अंशांवर प्राणवायूयुक्त रक्त फिरवतं. यकृत शरीराबाहेरच जागं होतं आणि कामाला लागतं. मग अंदाज कशाला, परीक्षाच घ्या की! बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी तेच केलं. ब्रिटनमधल्या सगळ्या केंद्रांनी नाकारलेली ३१ यकृतं त्यांनी यंत्रावर चढवली. चार तासांत रक्तातलं लॅक्टेट २.५ मिलिमोलपर्यंत उतरतंय का, पित्त तयार होतंय का, आम्लता सावरतेय का, रक्त नीट वाहतंय का, हे पाहिलं. २२ पास झाली आणि त्यांचं रोपण केलं. ९० दिवसांनी बावीसच्या बावीस रुग्ण जिवंत होते. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

पण गोष्ट इथे संपवली तर मी खोटं बोलल्यासारखं होईल. त्या २२ पैकी चौघांच्या पित्तनलिका पुढे अरुंद झाल्या आणि त्यांना दुसरं यकृत बसवावं लागलं. म्हणजे यकृताच्या पेशी पास झाल्या, तरी नलिका नापास होऊ शकतात. त्यामुळे पित्ताची आम्लता आणि त्यातली साखरही बघायला लागले आहेत. परीक्षा अजून पक्की झालेली नाही.

तरी माझं मत असं की, काठावरच्या यकृताला परीक्षेशिवाय "नाही" म्हणू नये. यंत्र महाग आहे, ते चालवायला शिकलेली माणसं लागतात, मान्य. पण प्रत्येक रुग्णालयाने ते घ्यावं असं कुठे आहे? महाराष्ट्रात अवयववाटपासाठी विभागीय समित्या आहेतच, विभागामागे एक सामायिक यंत्र का असू नये? आणि असं यकृत ज्याला द्यायचं त्याला ते चौघेही सांगावेत, फक्त बावीस नकोत. थांबण्यातला धोका आणि घेण्यातला धोका, दोन्ही समोर ठेवून त्याने ठरवावं.

काकांचं यकृत पास झालं असतं का? कोण जाणे. त्या ३१ मधली ९ नापासच झाली होती. तसं झालं असतं तर काकूला निदान "तपासलं, पण चाललं नाही" असं उत्तर मिळालं असतं. तिने त्या दिवशी जे दिलं, त्याचा एवढा मान तरी राखायला हवा होता.

असो. काकू, वाचलंस की फोन कर. बाकीच्यांनी मतं जरूर लिहा, विरोधी असली तरी.