आधी गोष्ट, मग पद



‘संगीत नाटक लहान मुलांना झेपत नाही’ हे गेल्या आठवड्यातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. तीन तासांच्या प्रयोगाला पोर आणून बसवले तर ते पेंगणारच; मोठेही पेंगतात! चूक नाटकाची नव्हे, क्रमाची आहे. आधी गोष्ट हवी. किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२चे, पण गंमत आजही ताजी : बलरामाने सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवलेले, अर्जुन संन्याशाच्या वेषात आणि सूत्रे हलवणारा कृष्ण. दुसरीतल्या नातवाला मी हे ओसरीवर सांगितले. उपरणे गुंडाळून तो संन्यासी झाला, शेजारची चिमुरडी सुभद्रा. मग एकच पद ऐकवले. अर्जुन आता का गातो, हे समजावावे लागले नाही.

गोंधळात, भारुडात कथा आणि गाणे एकत्रच ऐकणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांना ही रीत परकी कशी? सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत मुलांसाठी ‘लिटल थिएटर’ उभारले. खेड्यांपर्यंत ते वारे फारसे आलेच नाही. परभणीत प्रयोगाला येणाऱ्या नाटक मंडळींनी सकाळचा एक तास शाळांना द्यावा. एक प्रवेश, दोन पदे, पेटी-तबला, एवढे पुरे.

– एक निवृत्त शिक्षक, बोरी (ता. जिंतूर, जि. परभणी)