औषधाचे पैसे कुणी भरले?

कुटुंबाचं उत्पन्न किती, हा रकाना काही पाहण्यांत असतो. मुलांच्या आजारपणावर किती गेले, हेही कधीकधी विचारतात. पण ते पैसे घरातल्या कुणी उभे केले, हे सहसा कुणी विचारत नाही. बचत गटाची वही उघडा. कर्जाच्या कारणांत पोराचा ताप, पोरीचा दमा सापडेल. फेडणारी कोण, ते सांगायला नको.

लोक खिशातून करतात तो खर्च देशाच्या एकूण आरोग्यखर्चात २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला, असं सरकारी हिशेब सांगतो. कमी झाला हे चांगलंच. पण 'खिसा' कुणाचा? लुगड्याला खिसा नसतो. बाईचा पैसा डब्यात, गटात, नाहीतर गळ्यात.

योजना नाहीत असं नाही. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजात बाळाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय दिली. महात्मा जोतीबा फुले योजना आहे, पण ती भरती झाल्यावरच्या ठरावीक उपचारांची. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

मग पैसा जातो कुठे? पोरं भरती होण्याइतकी क्वचित आजारी पडतात. ताप, जुलाब, खोकला, खरूज मात्र चालूच. सरकारी ओपीडी मुख्यतः सकाळची, म्हणजे धुणीभांडी करणारीचा खाडा, शेतमजूर बाईचा रोज बुडाला. संध्याकाळी उघडा असतो तो खाजगी डॉक्टर. तिथे फी, इंजेक्शन, वर मेडिकलची चिठ्ठी. सकाळी गेली तर मजुरी जाते, संध्याकाळी गेली तर गाठीचे पैसे. आणि बुडालेला रोज खिशातल्या खर्चात धरतच नाहीत! दोन्ही परवडत नसलं की 'उद्या बघू' होतं, आणि ते मुलीच्या वाट्याला आधी येतं.

मुंबईत २०२२ साली 'आपला दवाखाना' सुरू झाला तेव्हा संध्याकाळची वेळ ठेवली गेली. म्हणजे अशक्य काही नाही. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, वस्तीतल्या दवाखान्यात तीच मागणी आपण लावून धरायला हवी: संध्याकाळी डॉक्टर आणि खिडकीवर औषध. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीला जाताना गटाच्या वहीतल्या कर्जांची बेरीज सोबत न्या, बुडालेल्या रोजांसकट.