विदिशेला उतरायला हवे

इटलीला जाऊन आलेली मंडळी एक गोष्ट हमखास सांगतात. सकाळी फ्लॉरेन्सला गाडीत बसायचे, तासाभराने पिसाला उतरायचे, दिवसभर पायी हिंडायचे आणि रात्रीच्या जेवणाला परत! सामान नको, हॉटेल नको. शेजाऱ्याकडे डोकावून यावे तसे जुने शहर बघून येता येते, याचे त्यांना भारी कौतुक. पण ही सोय आपल्या देशात नाही का? आहे. आणि ती वास्कोहून सुटणाऱ्या गाडीच्या वाटेवरच आहे.

गोवा एक्सप्रेस दिल्लीकडे जाताना भोपाळवरून जाते. भोपाळनंतर सांची आणि मग विदिशा. आपण तेव्हा जेवणाचा डबा उघडून बसलेले असतो, नाहीतर वरच्या बर्थवर आडवे झालेले. आग्रा कधी येणार एवढीच चौकशी.

कामानिमित्त भोपाळला जाणाऱ्याचा मुक्काम पुष्कळदा महाराणा प्रताप नगरात पडतो. सगळे त्याला एम. पी. नगर म्हणतात. झोन एक, झोन दोन, कार्यालये, हॉटेले आणि पावलोपावली स्पर्धा परीक्षांचे क्लासेस. वस्तीला लागूनच रेल्वे स्टेशन. पूर्वीचे हबीबगंज, 2021 पासून राणी कमलापती. क्लासमध्ये हेलिओडोरसचा स्तंभ कोणत्या शतकातला हे घोकणाऱ्या मुलांपैकी किती जण तासाभराच्या अंतरावरचा तो स्तंभ प्रत्यक्ष बघून आले असतील? पण त्यांना तरी का बोल लावायचा! आपलीही तीच कथा.

जायला फार काही लागत नाही. राणी कमलापतीहून नाहीतर भोपाळ जंक्शनवरून बीनाकडे जाणारी, विदिशेला थांबणारी गाडी बघायची आणि साधे तिकीट काढून बसायचे. अंतर साठ किलोमीटरच्या आसपास. वाटेत कर्कवृत्त ओलांडले जाते, सांचीची टेकडी येते. सांचीला सगळेच जातात, गाडी करून जातात, दोन तासांत परततात. पण सांचीच्या दक्षिण तोरणावरचा एक लेख सांगतो की तिथले कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी केले. म्हणजे सांची हे देवघर, तर विदिशा हे घर. देवघर बघून घर न बघताच परतायचे, ही कुठली रीत?

विदिशा स्टेशनबाहेर पडले की इतिहास कुठेच दिसत नाही, हे आधीच सांगतो. दिसतो तो बाजार, रिक्षा, धान्याची पोती. 1956 पर्यंत या गावाचे नाव भेलसा होते आणि संस्थानी काळात ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होते. रिक्षा ठरवून बेस नदीपलीकडे गेले की मोकळ्या जागेत एक खांब उभा आहे. तिथले लोक त्याला खामबाबा म्हणतात.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तक्षशिलेहून एक ग्रीक वकील इथे आला. राजा अंतिअल्किदासाने त्याला विदिशेच्या भागभद्र राजाकडे पाठवले होते. नाव हेलिओडोरस, बाप दिओन. या यवनाने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, स्वतःला भागवत म्हणवले आणि खाली ब्राह्मी लिपीत दम, त्याग आणि अप्रमाद या तिघांचा महिमा कोरून ठेवला.

गोमंतकीयाने या खांबासमोर थोडा वेळ उभे राहायला हवे, असे मला वाटते. आपल्याकडे परका समुद्रावरून आला तो आपला देव घेऊन आला आणि आपल्या देवांना रातोरात नदी ओलांडावी लागली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकतो. त्यामुळे परका म्हणजे लादणारा, हे समीकरण मनात घट्ट बसते. ते खोटे नाही, पण तेवढेच खरे नाही. त्याच्या कितीतरी आधी एक परका इथे आला, त्याने इथला देव आपला मानला आणि इथल्या राजाने त्याला ते करू दिले. हे पुस्तकात वाचले की ती माहिती होते. तिथे उभे राहिले की डोक्यातले काहीतरी जागचे हलते.

आणखी एक गंमत. कनिंगहॅम 1877 साली या खांबापाशी येऊन गेला, पण त्याला लेख दिसला नाही. भाविकांनी लावलेल्या शेंदराचा थर इतका जाड होता! 1909 साली थर काढल्यावर अक्षरे दिसली. भक्तीने लेख लपवला, असे आपण म्हणू. मी म्हणेन, राखला.

पुढे 1913 ते 1915 या काळात इथे उत्खनन केले ते देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी. त्यांचे वडील रामकृष्णपंत मालवणात जन्मलेले, म्हणजे आपल्या शेजारचेच. भोपाळच्या अलीकडे, दक्षिणेला, भीमबेटका आहे. तिथले खडक विष्णू श्रीधर वाकणकरांना 1957 साली आगगाडीच्या खिडकीतून दिसले आणि ते शोध घेत तिथवर पोचले. 2003 साली ते जागतिक वारसा स्थळ झाले. त्या खिडकीतून आधी हजारो लोकांनी बाहेर पाहिले असेल. ते पुढच्या स्टेशनाची वाट बघत होते, वाकणकर खडक बघत होते.

माझे म्हणणे एवढेच. जुने शहर बघायला पॅकेज टूर लागत नाही. लागतो एक मोकळा दिवस आणि मधल्या स्टेशनावर उतरायची तयारी. ज्यांना भोपाळ दूर वाटते त्यांनी घराजवळून सुरुवात करावी. मडगांवहून कुळ्याच्या बाजूला जाताना चांदर लागते. भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी असलेले चंद्रपूर ते हेच. 1929 साली फादर हेरास यांनी तिथे उत्खनन केले. मस्तक नसलेला नंदी तिथे आहे. गोवा एक्सप्रेस चांदरवरून जाते आणि विदिशेवरूनही. तीच गाडी, तेच रूळ. आपण तेवढे दोन्ही ठिकाणी झोपलेले असतो!