नाव नेत्याचे, आधार कार्ड आपले

निवडणुकीचा निकाल लागून महिना झाला होता. एका तरुणाचा फोन आला. "जय भीम ताई. तुम्ही कायद्यावर लिहिता, म्हणून फोन केला." घरातला पहिला पदवीधर. बी.कॉम. झाल्यावर त्याला एका उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात 'सोशल मीडिया सांभाळायचे' काम मिळाले होते. पगार रोख, हातात. पहिल्याच आठवड्यात तिथल्या साहेबांनी सांगितले, "पेज तुझ्या नावाने काढ. जाहिरात तुझ्याच ओळखपत्रावर चालव. पैसे आम्ही देतो."

त्याने पेज काढले, आधार कार्ड अपलोड केले. जाहिरातींत आपल्या नेत्याचे नाव होते आणि समोरच्या उमेदवाराचेही. समोरच्याविषयी जे छापले जात होते, ते त्याने लिहिलेले नव्हते. मजकूर तयार येत असे. आता त्या समोरच्या उमेदवाराच्या वकिलाची नोटीस घरी आली होती. पोस्टमनकडून आईने सही करून घेतली. पाकिटावर फक्त मुलाचे नाव.

"ताई, यात माझं काय? मी तर नुसतं बटण दाबलं."

हा प्रश्न एकट्याचा नाही. आपल्या वस्त्यांमधून पदवी घेऊन बाहेर पडलेली कितीतरी मुले-मुली आज हेच काम करतात. म्हणून पैसे देऊन चालवलेल्या ऑनलाइन जाहिरातीत राजकीय नेत्याचे नाव घेण्याबद्दल कायदा काय म्हणतो, आणि कुठे गप्प बसतो, हे आज सविस्तर मांडते.

सर्वात आधी, माल विकण्यासाठी वापरलेले नाव. 'बोधचिन्हे व नावे (अनुचित वापर प्रतिबंध) अधिनियम, १९५०' हा कायदा धंदा, व्यापार किंवा व्यवसायासाठी ठरावीक नावे आणि चित्रे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरू देत नाही. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, जवाहरलाल नेहरू, इंदिरा गांधी आणि भारताचे पंतप्रधान यांची नावे व चित्रे आहेत. जाहिरात कागदावर आहे की मोबाइलच्या पडद्यावर, याने फरक पडत नाही.

हा कायदा कोणाला किती लागतो, ते २०१६ मध्ये दिसले. सप्टेंबरमध्ये जिओच्या आणि नोटाबंदीच्या दुसऱ्या दिवशी पेटीएमच्या जाहिरातीत पंतप्रधानांचे छायाचित्र पानभर झळकले. परवानगी दिली नव्हती, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. दोन्ही कंपन्यांनी माफी मागितली आणि विषय संपला. दंड झाला असता तरी तो किती? या कायद्यात तेव्हा शिक्षा होती पाचशे रुपयांपर्यंत दंडाची. एवढ्या पैशात त्या जाहिरातीचा एक कोपराही छापून आला नसता.

ही अनुसूची वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात येते, बाबासाहेबांचे नाव यात का नाही? कोणी कोचिंग क्लासवाला किंवा बिल्डर त्यांचा फोटो लावून जाहिरात करतो तेव्हा संताप येतो, तो मलाही येतो. तरी यादी वाढवा, असे मी म्हणणार नाही. नावावर पहारा बसवणे हे दुधारी शस्त्र आहे. बाबासाहेबांच्या १९४५ च्या ग्रंथाचे शीर्षकच काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, असे विचारते. १९४३ च्या व्याख्यानाच्या शीर्षकात रानडे, गांधी आणि जिना अशी तीन नावे आहेत. नेत्याचे नाव घेऊन हिशेब मागणे ही आपल्या चळवळीची पद्धत आहे. उद्या 'परवानगीशिवाय नाव नको' हा नियम सगळीकडे लागू झाला, तर कंपन्या माफी मागून सुटतील आणि अडकेल आपला छोटा प्रकाशक, ज्याला असल्या पुस्तकाची दोनशे रुपयांची जाहिरात द्यायची आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की मर्यादा नावावर नको, नावामागे लपलेल्या पैशावर हवी. नेमके इथेच आपला निवडणूक कायदा ढिला आहे.

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निवडणूक आयोगाने नियम केला की इलेक्ट्रॉनिक माध्यमातली राजकीय जाहिरात आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवाराने तीन दिवस आधी अर्ज करावा, इतर कोणी असेल तर सात दिवस आधी. त्या 'इतर कोणी'ने शपथेवर लिहून द्यायचे असते की ही जाहिरात कोणत्याही पक्षाच्या वा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही, आणि त्यांनी तिचे पैसे दिलेले नाहीत. आता त्या मुलाला या जागी उभे करून पाहा. पैसे साहेबांचे, फायदा उमेदवाराचा आणि शपथ याची. खोटी शपथ हा गुन्हा आहे, आणि तो सही करणाऱ्याचा असतो.

२५ ऑक्टोबर २०१३ रोजी आयोगाने स्पष्ट केले की सोशल मीडिया हेही इलेक्ट्रॉनिक माध्यमच आहे. उमेदवाराने आपल्या खर्चाच्या हिशेबात इंटरनेट कंपन्यांना दिलेले पैसे दाखवायचे, मजकूर तयार करण्याचा खर्च दाखवायचा आणि खाती सांभाळणाऱ्या माणसांचा पगारही दाखवायचा. हे शेवटचे पुन्हा वाचा. तुमचा पगार हा उमेदवाराच्या निवडणूक खर्चाचा भाग आहे. मग तो रोख का दिला जातो? कारण मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे. तुमचे नाव हिशेबात आले की तेवढी रक्कम मर्यादेतून वजा होते. तुम्ही कागदावर नसणे त्यांच्या सोयीचे असते. जाहिरातीवर मात्र तुम्हीच असता.

त्याच २०१३ च्या आदेशात एक मोठी फट राहिली. पक्ष आणि उमेदवार सोडून इतर लोक जो मजकूर टाकतात त्याचे काय करायचे, याबद्दल आयोगाने एवढेच म्हटले की मंत्रालयाशी विचारविनिमय चालू आहे. 'समर्थक', 'मित्रमंडळ', 'आवाज' अशा नावांची पेजे याच फटीत उगवली. द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह या पत्रकारांच्या गटाने २०२२ मध्ये फेसबुकवरच्या पाच लाखांहून अधिक राजकीय जाहिराती तपासून हेच दाखवले. नेत्याचा प्रचार करणाऱ्या अनेक जाहिरातदारांनी पक्षाशी असलेले नाते लपवले होते.

फौजदारी कायदाही अर्धाच बोलतो. उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा १९२० पासून गुन्हा आहे. आधी ते भारतीय दंड संहितेचे कलम १७१ एच होते, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १७६ आहे. पण हे कलम उमेदवाराला निवडून आणण्यासाठी केलेल्या खर्चापुरते आहे. समोरच्याला पाडण्यासाठी, त्याचे नाव घेऊन चिखलफेक करण्यासाठी केलेला खर्च त्यात सरळ बसत नाही. आणि पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की उमेदवाराच्या माहितीने पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरावा. त्याच वर्षी सरकारने कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला.

आता नोटिशीकडे येऊ. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान प्रसिद्ध केल्यास न्याय संहितेच्या कलम १७५ खाली दंड आहे. बदनामी सिद्ध झाली तर कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. हा मजकूर कोणाच्या डोक्यातून आला, हे शोधायला तपास लागतो. तो कोणी प्रसिद्ध केला, हे शोधायला काहीच लागत नाही. राजकीय जाहिरात देणाऱ्याची ओळख फेसबुक तपासून घेते, 'पैसे कोणी दिले' ते जाहिरातीवर छापते आणि ती नोंद सात वर्षे सर्वांना पाहता येते. पारदर्शकतेसाठी केलेली ही सोय चांगलीच आहे. पण साहेबाने तिथे आपल्या जागी तुमचे नाव लिहायला लावले, की पारदर्शकता तुमच्यापाशी येऊन थांबते.

याला मी योगायोग मानत नाही. ज्या घरात वकील नाही, ओळखीचा पोलीस अधिकारी नाही, ज्या मुलाला या नोकरीची गरज आहे, त्याचेच ओळखपत्र मागितले जाते. साहेबांच्या स्वतःच्या मुलाचे नाव कधी अशा पेजवर दिसले आहे का? जोखमीचे, घाण उपसायचे काम खाली ढकलायचे आणि वरच्याने स्वच्छ राहायचे, ही व्यवस्था आपल्या समाजाला नवी नाही. आता गटार ऑनलाइन आहे, एवढाच फरक. आणि हे 'आपल्या' पक्षांतही चालते. निळ्या झेंड्याखाली केलेला अन्याय अन्यायच असतो, हे आपणच म्हणायला हवे.

मागण्या सोप्या आहेत. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे कलम १२७ अ म्हणते की निवडणुकीच्या छापील पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा. हाच नियम ऑनलाइन जाहिरातीला लावा, आणि बटण दाबणाऱ्यासोबत पैसे पुरवणाऱ्याचेही नाव सक्तीचे करा. समोरच्याला पाडण्यासाठी केलेला खर्च हिशेबात धरा. पक्षांच्या खर्चाला मर्यादा घाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक रोखे रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने राजकीय पैशाबद्दल जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला आहे. जाहिरातीमागचा पैसा त्या हक्काबाहेर कसा असेल?

तोवर आपण आपल्यापुरते काय करू शकतो? हे काम करूच नका, असे मी म्हणत नाही. पोट सगळ्यांना आहे. पण पगार बँकेतून घ्या. कोणती पेजे, कोणत्या जाहिराती, हे लेखी मागा. उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीची सही असलेले पत्र जवळ ठेवा. मजकूर कोणी पाठवला, त्याचे संदेश पुसू नका. आणि आधार कार्ड देऊ नका. त्यांच्या जाहिरातीवर त्यांचेच नाव हवे, असे सांगा.

एक गोष्ट मात्र मनातून काढून टाका, ती म्हणजे भीती. तुमच्या स्वतःच्या खात्यावर, पैसे न घेता आणि न देता मांडलेले राजकीय मत जाहिरात नाही, त्याला पूर्वपरवानगी लागत नाही, हे आयोगानेच स्पष्ट केले आहे. वस्तीत पाणी का येत नाही, शिष्यवृत्ती का अडकली, हे आमदाराचे नाव घेऊन विचारा. विचारताना खरे लिहा, पुरावा ठेवा.

त्या तरुणाला मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जायला सांगितले. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो, हे त्याला ठाऊक नव्हते. साहेबांचे जुने संदेश फोनमध्ये आहेत का, असेही विचारले. "आहेत ताई," तो म्हणाला. "पण ते आता माझा फोन उचलत नाहीत."

संदेश आहेत, हे महत्त्वाचे. फोन उचलला नाही, तरी त्यांना उत्तर द्यावे लागेल.

जय भीम.