रिकाम्या यंत्रांचे वीजबिल

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना एके काळी रसायनांचे आणि यंत्रसामग्रीचे कारखाने होते. त्यांचा धूर दिसे, भोंगा ऐकू येई आणि पाळी सुटली की कामगारांचे लोंढे रस्त्यावर येत. आज त्याच पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे या भागांत, जवळजवळ बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती उभ्या राहिल्या आहेत. तेथे धूर नाही, भोंगा नाही आणि माणसांची वर्दळही बेताचीच. ही डेटा सेंटर्स होत. आपण बँकेत पैसे भरतो, रेल्वेचे तिकीट काढतो किंवा परीक्षेचा निकाल पाहतो, तेव्हा त्यामागचे काम अशाच एखाद्या इमारतीतील सर्व्हर करीत असतात. या नव्या कारखान्यांचा मुख्य कच्चा माल म्हणजे वीज. ती किती लागते, यापेक्षा तिच्यातली किती खरोखर कामी येते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि तो तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होता येण्यासारखा नाही.

सर्व्हर हे मोठे विचित्र यंत्र आहे. पिठाची गिरणी दळण नसले की बंद ठेवता येते. सर्व्हर मात्र कोणी काही विचारील या अपेक्षेने रात्रंदिवस जागा राहतो. लुईझ बरोसो आणि उर्स होल्झ्ले या दोन संगणकतज्ज्ञांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, बहुतेक सर्व्हर आपल्या क्षमतेच्या दहा ते पन्नास टक्केच काम करीत असतात; आणि काहीही काम नसताना चांगला सर्व्हरसुद्धा पूर्ण भाराच्या सुमारे निम्मी वीज खातो. शिवाय या विजेची अखेर उष्णता होते, आणि ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलनाला पुन्हा वीज द्यावी लागते. रिकाम्या यंत्राचे बिल असे दोनदा भरले जाते.

यावरचा उपाय म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. एकाच सर्व्हरवर एक नियंत्रक प्रणाली बसवून त्याचे अनेक आभासी सर्व्हर करावयाचे. प्रत्येकाला वाटावे की संपूर्ण यंत्र आपलेच आहे, प्रत्यक्षात मात्र सर्वांनी ते वाटून घ्यावयाचे, अशी ही युक्ती. ती नवी नाही. आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी १९७२ मध्येच अशी प्रणाली बाजारात आणली होती. पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि 'प्रत्येक कामाला वेगळे यंत्र' अशी उधळपट्टी रूढ झाली. या शतकाच्या आरंभी जुनी युक्ती साध्या सर्व्हरांवर पुन्हा अवतरली.

आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी ग्रंथालय, लेखा विभाग, प्रवेश आणि परीक्षा यांचे चार स्वतंत्र सर्व्हर होते आणि त्यांच्या खोलीतले वातानुकूलन अहोरात्र चाले. चारही कामे एका यंत्रावर आणण्याची सूचना पुढे येताच प्रत्येक विभागाने आपले यंत्र सोडण्यास नकार दिला. एक यंत्र बिघडले तर चारही कामे बंद पडतील, ही शंका रास्त होती. तिच्यासाठी दुसरे यंत्र राखीव ठेवता आले. परंतु विरोधाचे खरे कारण वेगळे होते. यंत्र विभागाचे होते, वीजबिल मात्र महाविद्यालय भरीत होते. जो वापरतो तो पैसे देत नाही आणि जो पैसे देतो त्याला वापर दिसत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा रोग चांगला परिचयाचा आहे.

डेटा सेंटर्समध्येही हाच रोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. आभासी सर्व्हर निर्माण करणे क्षणाचे काम असल्यामुळे तो मागणाऱ्याला फुकट वाटतो; मग शेकडो सर्व्हर निर्माण होतात आणि विसरले जातात. सरकारी कचेरीतील सहा गठ्ठे पद्धतीत नष्ट करावयाच्या कागदांचाही एक गठ्ठा असतो; संगणकांच्या दुनियेत तो बांधावयाचे कोणाला सुचत नाही. प्रत्येक विभागाच्या नावावर त्याच्या वापराचा खर्च टाकला, तर मात्र अनेकांना आपल्या गरजा एकाएकी कमी झाल्याचा साक्षात्कार होईल.

दुसरी अडचण मोजमापाची आहे. डेटा सेंटरची कार्यक्षमता सांगताना एकूण विजेला सर्व्हरांनी घेतलेल्या विजेने भागतात. भागाकार एकच्या जितका जवळ तितके केंद्र उत्तम, असा संकेत आहे. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सर्व्हरांना १०० युनिट आणि वातानुकूलन वगैरेला ६० युनिट लागत असतील, तर भागाकार १.६ येतो. व्हर्च्युअलायझेशन करून सर्व्हरांची वीज ५० वर आणली आणि इतर खर्च ४० वर आला, तर एकूण वीज १६० वरून ९० झाली. पण भागाकार १.८, म्हणजे पूर्वीपेक्षा वाईट! कारण रिकाम्या सर्व्हरने खाल्लेली वीजही या मापात उपयुक्त धरली जाते. ज्या मापाने काटकसर करणारा दोषी ठरतो आणि उधळ्या शहाणा ठरतो, त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच बजावले होते की, वाफेचे यंत्र कमी कोळशात चालू लागले म्हणून कोळशाचा खप घटत नाही. यंत्र परवडू लागते आणि खप उलट वाढतो. हा काही अटळ नियम नव्हे. २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटर्सचे काम साडेसहा पटींवर गेले, तरी त्यांची वीज सुमारे सहा टक्क्यांनीच वाढली, असा अंदाज 'सायन्स' या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात व्हर्च्युअलायझेशनचा मोठा वाटा होता. परंतु रिकामी यंत्रे एकदा भरली की ती बचत पुन्हा करता येत नाही. त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेचे युग आले. तिची यंत्रे मुळातच भाराने वाकलेली असतात. तेथे ही युक्ती फारशी चालत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगातील डेटा सेंटर्सनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या घरात जाईल.

म्हणून तंत्रज्ञांच्या काटकसरीला सार्वजनिक हिशेबाची जोड हवी. केंद्र सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात डेटा सेंटर्सना पायाभूत सुविधांचा दर्जा दिला; त्यांना आकर्षित करण्यासाठी सवलती देण्याची राज्याराज्यांत चढाओढ आहे. सवलती देऊ नयेत, असे म्हणणे नाही. परंतु सवलत म्हणजे करदात्याचा पैसा. तो घेणाऱ्याने वर्षाकाठी किती वीज व पाणी वापरले, ती वीज कशापासून आली आणि आपले सर्व्हर सरासरी किती भरलेले होते, हे जाहीर करावे, एवढी अट जाचक म्हणता येणार नाही. युरोपीय संघाने २०२३ च्या आपल्या निर्देशान्वये ५०० किलोवॉट व त्याहून मोठ्या केंद्रांना असा अहवाल देणे बंधनकारक केले आहे. आपल्याकडे घरातील शीतकपाटावरही तारे छापलेले असतात. मग या इमारतींवर काहीच का असू नये?

भारनियमनाच्या काळात या राज्यातील विद्यार्थ्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला आहे आणि रात्रीच्या पाळीत येणाऱ्या विजेसाठी शेतकऱ्याने वर्षानुवर्षे बांधावर जागरण केले आहे. डेटा सेंटरला वीज अखंड लागते आणि ती मिळालीही पाहिजे. पण अखंड वीज मागणाऱ्याने अखंड हिशेबही दिला पाहिजे. सर्व्हर आभासी असले, तरी त्यांचे वीजबिल खरे असते. आणि ते कोणाला तरी भरावेच लागते.