हँडल कुणाच्या हाताचं?

मुलांनो,

मागच्या खेपेला आपण कुलूप उघडून पाहिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत एका सातवीतल्या मुलानं विचारलंय, "बाई, आमच्या मोटारसायकलचं हँडल बदलायचं आहे. मी म्हणतो, शर्यतीच्या गाडीसारखं घेऊ. बाबा म्हणतात, होतं तसंच घेऊ. तुम्ही सांगा, कोण बरोबर?"

लगेच नाही सांगणार! आधी आमच्याच घरात घडलेली गोष्ट ऐका. मग उत्तर तुम्हीच द्याल.

माझा भाचा डिप्लोमाला आहे आणि शिकायला आमच्याकडे राहतो. वय १९, खिशात लायसन्स. माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो. त्यांची जुनी शंभर सीसीची मोटारसायकल दोघं मिळून वापरतात. सकाळी भाचा कॉलेजला नेतो, संध्याकाळी नाना माझ्या तिसरीतल्या लेकीला मागे बसवून गाण्याच्या क्लासला सोडतात.

पावसाळ्यात एकदा वळणावर वाळू साचली होती. भाच्यानं ब्रेक दाबला आणि गाडी आडवी! डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून निभावलं. कोपर खरचटलं, एवढंच. पण हँडल डावीकडून चांगलंच वाकलं. घरी आल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, नानांना सांगू नकोस हं. चहा-वड्याच्या पैशात सरळ करून मिळतं. कळणारसुद्धा नाही."

मी म्हटलं, "आधी मेकॅनिकला तर दाखवू."

कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी हँडल काढलं, फडक्यानं पुसलं आणि उजेडात धरून त्यावरून नख फिरवलं. मग भाच्याकडे न बघताच विचारलं, "हे आधी एकदा सरळ केलंय ना?"

भाच्याची मान खाली गेली. दोन महिन्यांपूर्वी गाडी अशीच पडली होती. तेव्हा त्यानं कुणाला न सांगता हँडल ठोकून सरळ करून आणलं होतं! मिस्त्रींनी मला जवळ बोलावून दाखवलं. जुन्या वाकाच्या जागी नळी थोडी चपटी झाली होती, वरचा चकचकीत मुलामा उडाला होता आणि तिथंच केसासारखी बारीक चीर दिसत होती.

माझ्या पोटात धस्स झालं. हे हँडल धरून नाना दोन महिने गाडी चालवत होते. मागे माझी लेक!

आता तुम्ही विचाराल, बाई, लोखंड ते लोखंड. वाकलं, सरळ केलं, बिघडलं काय? मग एक स्ट्रॉ घ्या. मधोमध वाकवा आणि पुन्हा सरळ करा. दिसायला सरळ दिसेल, पण जरा दाबलीत की नेमकी तिथंच वाकेल. पोकळ नळीची ताकद तिच्या गोलपणात असते. गोलपणा गेला की ताकदही गेली. दुसरा प्रयोग जेमक्लिपचा. ती उघडा आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. थोड्या वेळानं कट्‌कन तुटेल. वाकवलेली आणि उलट ठोकलेली धातूची वस्तू त्या जागी थकते. पोलादी हँडल निदान वाकून आपल्याला सूचना देतं. ॲल्युमिनियमचं तर फारशी सूचना न देताच तुटू शकतं. म्हणून चांगले मिस्त्री सांगतात, पडून वाकलेलं हँडल सरळ करायचं नाही, बदलायचं.

झालं! बदलायचं ठरलं तसा भाच्याचा चेहरा उजळला. "मग आत्या, बुटकं, आडवं, शर्यतीच्या गाडीसारखं घेऊ!"

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं जुनं हँडल पिशवीत घालून नाना पेठेत गेलो. पुण्यात दुचाकीचा सुटा भाग हवा असला की पावलं आपोआप तिकडंच वळतात. आरसे, मडगार्ड, साखळ्या, दिवे... आणि दुकानाच्या छताला टांगलेली हँडलं, जशी बोहारणीजवळची भांडी! पुण्याला हे शोभूनच दिसतं म्हणा. एके काळी हे सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. पुढं आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजच्या स्कूटर निघू लागल्या. १९७२ साली चेतक आली आणि त्याच सुमारास पुण्याच्याच कायनेटिकची लूना. २००१ साली पल्सर आली. पुणेकरांच्या हातातलं हँडल असं बदलत गेलं.

हँडलांचे इतके आकार कशासाठी? उगीच नाहीत बरं ते. प्रत्येक आकारामागे एक रस्ता आहे. शर्यतीच्या गाडीला हँडल खाली असतं, कारण चालक टाकीवर ओणवा झाला की वारा कमी अडवतो. भरधाव वेगात समोरून येणारा वारा छातीला थोडा आधारही देतो, त्यामुळं मनगटावरचा भार हलका होतो. पण लक्ष्मी रस्त्यावर, रिक्षामागे रिक्षा उभी असताना, कुठला आलाय तो वारा? मग शरीराचा पुढचा सगळा भार दोन मनगटांवर! उलट लांबच लांब सरळ रस्त्यांवर आरामात जाण्याच्या गाड्यांना उंच, मागे वळलेली हँडलं असतात. आपल्या साध्या प्रवासी गाड्यांचं हँडल या दोन्हींच्या मध्ये येतं. पाठ सरळ, कोपरं किंचित वाकलेली, खांदे सैल.

भाच्यानं एक बुटकं हँडल काढायला लावलं. दुकानदारांनी ते आमच्या जुन्या हँडलाशेजारी काउंटरवर ठेवलं आणि टेप दिली. जुनं एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ७२ सेंटिमीटर, नवं ५४. म्हणजे मधल्या खिळ्यापासून तुमचा हात आधी ३६ सेंटिमीटर दूर होता, आता २७ वर येणार. तरफ शिकलात ना? दार बिजागरीजवळ ढकलून बघा, नंतर कडीजवळ ढकला. हात जितका लांब, तितका जोर कमी. ३६ भागिले २७ केलं, तर चार तृतीयांश येतात. जिथं ३ किलोचा जोर पुरत होता, तिथं आता ४ किलोचा लागणार. मग हँडल रुंदच रुंद का करू नये? कारण मग गर्दीत ते शेजारच्या रिक्षाला लागेल आणि वळवताना हात फार लांबवर न्यावा लागेल. म्हणजे इथंही मध्यम मार्गच!

"भाऊ, हे बसेल का आमच्या गाडीला?" मी विचारलं.

"जाडी बघा ना बाई," दुकानदार म्हणाले. बऱ्याचशा मोटारसायकलींच्या हँडलाची नळी २२ मिलिमीटर जाडीची असते. काही नव्या गाड्यांची हँडलं मधे जाड, म्हणजे २८.६ मिलिमीटरची, आणि मुठीकडे बारीक होत जातात. ती एकमेकांच्या पकडीत बसत नाहीत. तुमच्याकडे जाडी मोजायचं साधन नसेल, तरी बिघडत नाही. नळीभोवती दोरा एकदाच गुंडाळा, दोरा मोजा आणि ३.१४ नं भागा. आमचा दोरा ६९ मिलिमीटर भरला. करा भागाकार! शाळेतला परीघ नाना पेठेत असा उपयोगी पडला.

आणखी एक बारीकशी गोष्ट त्यांनी दाखवली. आमच्या जुन्या हँडलाला मुठीजवळ एक छोटं भोक होतं. दिव्याच्या आणि हॉर्नच्या बटणांचा जो डबा असतो, त्याच्या आत एक खुंटी असते, ती त्या भोकात बसते. भोक नसेल तर डबा हँडलावर फिरत राहतो आणि हॉर्न दाबायला जावं तर बटण भलतीकडेच! बुटक्या हँडलाला ते भोकच नव्हतं.

भाचा काही बोलेना. मग मी विचारलं, "हे हँडल कुणाच्या हातासाठी घ्यायचंय? तुझ्या, का नानांच्या?"

नानांचा उजवा खांदा दुखतो, हे त्याला ठाऊक होतं. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग त्यानं बुटकं हँडल स्वतःच्या हातानं परत टांगलं आणि म्हणाला, "होतं तसंच द्या."

हँडल आणलं म्हणजे काम संपलं, असं नाही. मिस्त्रींनी आधी पुढचे शॉकअप आणि चाक तपासलं. गाडी पडल्यावर नुसतं हँडलच वाकतं असं नसतं. शॉकअप वाकलेले असतील तर नवं हँडलसुद्धा वाकडंच वाटणार. मग नवं हँडल पकडीत बसवलं, मधल्या खुणा जुळवल्या आणि चारही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले. एकच बोल्ट आधी गच्च आवळला तर पकड एका अंगाला बसते.

नंतर त्यांनी तीन परीक्षा घेतल्या. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवलं. मूठ आणि टाकी यांच्यात अंगठा चेंगरत तर नाही ना? क्लचची, ब्रेकची वायर ताणली जात नाही ना? तिसरी परीक्षा मला फार आवडली. गाडी स्टँडवर उभी करून, इंजिन चालू ठेवून त्यांनी हँडल सावकाश इकडून तिकडे फिरवलं आणि कान देऊन ऐकलं. आवाज बदलला नाही. समजा अ‍ॅक्सिलरेटरची वायर तोकडी पडत असती, तर हँडल वळवल्याबरोबर ती ओढली जाऊन इंजिन आपणहून पळू लागलं असतं. भर चौकात वळताना गाडी अशी उसळली तर? उंच हँडल हौसेनं बसवून जुन्याच वायरी ठेवणाऱ्यांना हा धोका असतो.

संध्याकाळी नाना गाडी काढायला गेले. मूठ धरली आणि म्हणाले, "अरे, हँडल नवं दिसतंय!"

मी गप्प बसले. सांगायचं होतं ते भाच्यानंच सांगितलं. या वेळचं पडणं, आधीचं पडणं, ठोकून सरळ केलेलं हँडल, सगळं. नानांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पोरा, हँडल वाकलं त्याचं काही नाही. पण मागे तुझी बहीण बसते. मला माहीत असतं, तर मी तिला बसवलं नसतं."

एवढंच. पण त्या रात्री भाचा धड जेवला नाही.

आता तुमच्याकडे वळूया. तुमच्यापैकी कुणी मोटारसायकल चालवायची नाही, हे मी सांगायला नकोच. गिअरच्या गाडीचं लायसन्स १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ साली कायदा बदलला, तेव्हापासून लहान मुलाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला तर पालकांना किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आणि पालकहो, गाडीची मूळ घडण मनाला येईल तशी बदलण्यालाही कायद्याची हरकत आहे, तेव्हा मूळ मापाचंच हँडल बसवणं उत्तम.

पण सायकल तर तुमचीच आहे ना? मग रविवारी एवढं बघा. सायकलसमोर उभे राहा, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरा आणि हँडल वळवून पाहा. चाक न हलता हँडल एकटंच फिरलं, तर बोल्ट सैल आहे. हँडल उंच केलं असेल तर त्याच्या दांड्यावर एक आडवी खूण शोधा. ती खूण बाहेर दिसत असेल तर हँडल प्रमाणापेक्षा जास्त वर ओढलंय. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मुठीची टोकं. रबरी मूठ फाटून आतली नळी उघडी पडली असेल, तर त्याच दिवशी बदला. पडताना हँडल फिरतं आणि ती उघडी नळी पोटात घुसते. अशानं मुलांच्या पोटाला आतून गंभीर इजा होतात. वरून नुसता गोल वळ दिसतो, म्हणून घरी सांगायचं राहून जातं. हँडल पोटात लागलं असेल तर घरी सांगायचंच आणि डॉक्टरांकडे जायचंच. मूठ अगदी स्वस्त मिळते हो!

तर पत्र लिहिणाऱ्या माझ्या मित्रा, तुझे बाबा दिवसभरात किती वेळ ते हँडल धरतात, ते आधी मोज. आणि आणखी एक कर. टेबलासमोर खुर्चीत बस, पुढं ओणवा होऊन दोन्ही हातांवर भार दे आणि पाच मिनिटं तसाच राहा. मनगटं काय म्हणतात ते ऐक. मग कोण बरोबर, ते मला लिहून कळव.

तुमची,
बाई