कारण काय, ते सांगा!

गणवेश हवाच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे निम्मी मंडळी उगाच भांडायला येणार नाहीत. रोज सकाळी 'आज काय घालू' हा प्रश्न पडत नाही, कोणाच्या बापाकडे किती पैसा ते शर्टावरून कळत नाही, हे सगळं मान्य. माझं भांडण 'मुलींनी हेच आणि मुलग्यांनी तेच' या नियमाशी आहे. त्याचं कारण विचारलं की मोठी माणसं एकदम घसा खाकरायला लागतात!

उदाहरण अमेरिकेतलं घेते. नॉर्थ कॅरोलायना राज्यात लेलंड नावाचं छोटं गाव आहे. तिथे चार्टर डे स्कूल ही शाळा आहे. सरकारी पैसा आणि खाजगी व्यवस्थापन, साधारण आपल्या अनुदानित शाळेसारखा प्रकार. तिथला नियम असा की पीटीचे दिवस सोडले तर मुलींनी पँट घालायची नाही, स्कर्ट किंवा तत्सम काहीतरीच घालायचं. थंडी असो, वारा असो, मधल्या सुट्टीत पळायचं असो.

आठवीतल्या एका मुलीने मैत्रिणींबरोबर नियम बदलण्यासाठी अर्ज लिहिला आणि शंभरावर सह्या गोळा केल्या. शिक्षकांनी तो कागद काढून घेतला आणि परत कधी दिलाच नाही, असं तिने नंतर लिहिलं. विनंती केली तर ही तऱ्हा. मग २०१६ मध्ये तीन मुली पालकांमार्फत कोर्टात गेल्या. एक आठवीतली, एक चौथीतली आणि एक चक्क बालवाडीतली.

मुलींचं म्हणणं अगदी साधं होतं. स्कर्टमध्ये कसं बसलोय, काय दिसतंय याकडे सतत लक्ष ठेवावं लागतं. खेळताना अडचण होते, थंडीत पाय गारठतात. यात कुठे 'इझम' दिसतोय का? मला तर नुसता बग रिपोर्ट दिसतो.

आता शाळेचं उत्तर ऐका. संस्थापकांच्या मते या नियमाने 'शिव्हलरी' जपली जाते, म्हणजे स्त्रीदाक्षिण्य. आणि ते काय असतं? कोर्टासमोरच्या साक्षीत त्यांनीच समजावून सांगितलं, की स्त्री म्हणजे नाजूक पात्र, पुरुषाने तिला जपायचं आणि मान द्यायचा. झालं! मांजर पिशवीतून बाहेर आलं. इतका वेळ आपण समजत होतो की ही कपड्यांची चर्चा आहे. पण पाच वर्षांच्या पोरीला रोज सकाळी जे चढवलं जात होतं ते कापड नव्हतंच, तू फुटशील, जपून रहा, हे होतं.

आणि शेजारच्या बाकावरच्या मुलग्याला काय शिकवलं? की ती फुटणारी आहे, म्हणजे तू न फुटणारा. रडायचं नाही, मदत मागायची नाही. हा नियम मुलींचा म्हणून मुलगे सुटले असं ज्यांना वाटतं त्यांनी इंग्लंडकडे बघावं. जून २०१७ मध्ये तिथे कडक उन्हाळा पडला. एक्सिटरच्या इस्का अकॅडमीत मुलग्यांना हाफपँटची परवानगी नव्हती, मुलींना स्कर्ट मात्र चालत होता. तीसेक मुलगे सरळ स्कर्ट घालून शाळेत आले! नियमात बसतंय ना, मग घ्या. पुढच्या वर्षापासून हाफपँट आणायचं शाळेने जाहीर केलं. आभाळ काही कोसळलं नाही.

आमच्या धंद्यात जुन्या कोडमध्ये अशी एखादी ओळ सापडते. कोणी लिहिली माहीत नाही, कशासाठी तेही माहीत नाही. काढली तर काहीतरी मोडेल या भीतीने कोणी हात लावत नाही. मग एक दिवस नवीन आलेला पोरगा विचारतो, "ही कशाला आहे?" आणि सगळे सिनियर एकमेकांकडे बघतात. शाळेतले विद्यार्थी हे ते नवीन आलेले पोरगे आहेत. त्यांना उद्धट म्हणणं सोपं असतं, उत्तर देणं कठीण.

"एवढं होतं तर दुसरी शाळा बघायची," असं लेलंडबद्दलही म्हणता येईल. पण पैसा जनतेचा, मग नियम संस्थापकाच्या मर्जीचा कसा? जून २०२२ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने १० विरुद्ध ६ मतांनी हेच सांगितलं. सरकारी शिक्षण देणाऱ्या या शाळेला घटनेतला समानतेचा नियम लागू आहे, आणि स्कर्टची सक्ती त्यात बसत नाही. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळेची याचिका ऐकायला नकार दिला. बालवाडीतली पोर तोवर मोठी झाली. एका पँटसाठी सात वर्षं!

आपल्याकडे काय वेगळं आहे? कार्यक्रमात रांगोळी आणि ओवाळणं मुलींकडे, बाकं उचलणं मुलग्यांकडे. "मुलींसारखा रडतोस काय?" हे वाक्य न ऐकलेला मराठी मुलगा मला दाखवा. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा मिळून भाजी निवडताना दाखवले. फार चांगलं केलं. पण पुस्तकात बाबा भाजी निवडतात आणि त्याच वर्गात केर काढायला फक्त मुली उठतात, तर मूल कशावरून शिकेल? चित्रावरून की केरसुणीवरून?

आपल्यापैकी बऱ्याच जणांची पोरं आता शाळेत जायला लागली आहेत किंवा लागतील. पालकसभेत आपण फी, बस आणि होमवर्क यांवर तासभर तावातावाने बोलतो. त्यातली दोन मिनिटं काढा आणि विचारा, हा नियम मुलगा-मुलगी बघून वेगळा का? "पूर्वीपासून आहे" हे कारण नव्हे, तो इतिहास झाला. "शिस्त" हेही कारण नव्हे, शिस्त दोघांना सारखीच लावता येते.

आणि हा प्रश्न तुमच्याआधी तुमच्याच लेकीने वर्गात उभं राहून विचारला आणि घरी चिठ्ठी आली, तर कृपा करून सही करण्याआधी तिला ओरडू नका. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला एवढंच लिहून पाठवा: कारण काय, ते सांगा.